सात नंबरची डबी

आप्पांनी रिकामी डबी माझ्या हातात ठेवली आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "जा, भरून आण."

"मी?"

"मग काय हसनला सांगू?"

चिरमुऱ्याच्या भट्टीमागं तुसाचा मोठा ढीग असायचा. त्याच्या आडोशाला आम्ही दोघं उभे होतो. दुपारचे साडेबारा वाजले असतील, आणि दिवस एप्रिलचे. आप्पा पहाटे पाचपासून कढईसमोर होते. त्यांच्या बनियनवर घाम वाळून मिठाचे पांढरे नकाशे उठले होते. भूगोलात काढतात तसे, किनारपट्टीसकट.

"पण आप्पा, ही तुमची डबी आहे. सात नंबर. नंबर मीच लिहिलाय."

"म्हायतीय मला."

"मग तुमचीच पाहिजे ना."

"अगं, येतच न्हाई तर काय करू?" आप्पांचा आवाज एकदम खाली गेला. "दोन येळा जाऊन आलो. थेंब न्हाई. सगळ्यांच्या डब्या गेल्या. बाई खोळंबलीय, मालक बघतोय."

"मग पाणी प्या की थोडं."

मी त्यांना कढईत हात घाला म्हणाले असते तरी त्यांनी माझ्याकडं तसं बघितलं नसतं.

"तापल्या अंगावर? पाणी आत गेलं की वाफ हुती. छाती धरती. बावीस वर्षांत मी भट्टीवर पाण्याला शिवलेलो न्हाई." मग जरा समजुतीनं म्हणाले, "हे बघ गिरिजा, लघवी ती लघवी. एका आडाचं पाणी, एका चुलीवरची भाकरी. तुझी काय आन् माझी काय."

मी गेले आणि डबी भरून आणली. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, बनियनला पुसली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर इतर डब्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. नीट, नंबर पुढं करून.

चार वर्षं झाली त्याला. आता मी दहावीत आहे. वर्गात हात वर न करताच उत्तर देऊन टाकते म्हणून बाई माझ्यावर वैतागलेल्या असतात, आणि जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माइक चालत नसताना मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचले होते. हे सगळं सांगते ते मिरवायला नाही (थोडं मिरवायलाही), तर मुख्य म्हणजे तेव्हाची मी कशी होते ते कळावं म्हणून. तेव्हा हजेरीला मी 'उपस्थित' म्हटलेलं फक्त शेजारच्या बाकड्याला ऐकू जायचं. दोनदा माझी गैरहजेरी लागली होती, मी वर्गात बसलेली असताना.

आमची नांदगेवाडी म्हणजे जयसिंगपूरच्या बाजूचं एक गाव, आणि गावात मगदूम मालकांची भट्टी. भडंगाला लागणारे चिरमुरे तिथून जायचे. भट्टीला भिंती तीन. चौथी बाजू उघडी, कारण चारही बंद केल्या असत्या तर आत माणूस राहिलाच नसता. मधोमध काळ्या वाळूनं भरलेली कढई, खाली तुसाचा जाळ, आणि कढईसमोर आप्पा, माझे वडील. हातात लांब दांड्याचा झारा. चिमूटभर तांदूळ वाळूत टाकायचे, कान जरा वाकडा करायचे आणि म्हणायचे, "आली." वाळू आली, म्हणजे तापली. मग घाण्यामागून घाणा. तांदूळ पडायचा आणि क्षणात पांढरा फुलून वर यायचा. तो आवाज मला अजून येतो. दूर कुठंतरी टाळ्या वाजत असल्यासारखा.

वाळूसकट चिरमुरे शेवंतामावशीच्या चाळणीत पडायचे. मावशी बाहेर, शेवग्याच्या सावलीत बसायची. वाळू खाली, चिरमुरे वर. सुट्टी लागली की मीही तिच्याशेजारी. गरम चिरमुरे ओंजळीत घेतले की अंगावर काटा यायचा इतकं सुख. आता पाकीट फोडून खाते ना, ते निव्वळ चिरमुरे असतात.

त्या एप्रिलात डॉक्टर टिपणीस आल्या. पुण्याच्या. भट्ट्यांवर, उन्हात काम करणाऱ्या माणसांच्या किडन्या तपासत होत्या. बॉबकट, खांद्याला बर्फाची पेटी. मालकांनी सगळ्या बारा जणांना बोलावून बसवलं. मी मावशीच्या पाठीमागं लपले होते.

"फार काही नको मला," बाई म्हणाल्या. "कामावर यायच्या आधीची सकाळची पहिली लघवी, आणि काम सुटल्यावरची दुपारची. दोन डब्या."

हसू पिकलं. हसनचाचा जाळावर तूस टाकायचे. आप्पांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. ते म्हणाले, "बाई, एवढ्या लांबनं आला, आन् मागून मागून हे मागितलं?"

"रक्त मागितलं असतं तर दिलं असतं का?"

"लगेच. रक्त द्यायला लाज न्हाई वाटत."

बाई हसल्या. मग त्यांनी नीट सांगितलं. किडनी बिघडली तर रक्तात कळतं, पण बरीच बिघडल्यावर कळतं. त्याच्या कितीतरी आधी, आतल्या पेशी दुखावल्या की त्यांचे अगदी बारीक कण लघवीत उतरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या प्रयोगशाळेत दिसतात. माणसाला काही दुखत नसतं, खुपत नसतं, तेव्हाच.

सगळ्यांना पटलं की नाही कळेना. तेवढ्यात शेवंतामावशी म्हणाली, "म्हंजे चाळणीगत."

"कसं, मावशी?"

"चाळण काय एकदम फाटत न्हाई. आधी तिच्या तारंचं कुसळ वाळूत घावाय लागतं. घावलं की शाण्यानं समजावं."

बाईंनी वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "फक्त ही चाळण बाजारात मिळत नाही. सांभाळायला लागते."

डब्यांवर नंबर घालायला कुणाचं अक्षर चांगलं आहे म्हणून विचारलं तेव्हा आप्पांनी मला मावशीमागून ओढून पुढं केलं. मी चोवीस चिठ्ठ्या लिहिल्या. एक ते बारा, सूर्याचं चित्र असलेली सकाळची, नसलेली दुपारची. दुसऱ्या दिवशी पहाटे, कामाच्या आधी, घरोघर जाऊन मीच डब्या गोळा केल्या. आप्पांची सकाळची डबी त्यांनी मोरीतून बाहेर येऊन स्वतः माझ्या हातात दिली होती. हसनचाचांच्या डबीला गुलाबाचा वास येत होता. म्हणाले, "बाईमाणूस उघडून बघणार, म्हणून एक थेंब अत्तर टाकलं." बाईंनी डोक्याला हात लावला आणि त्यांना दुसरी डबी दिली.

सगळं खेळीमेळीत चाललं असतं. पण मालक मधेच बोलून गेले, "हे बघा, ज्याची तपासणी बिघडंल त्याला मी कढईवरनं हलवणार. उद्या कोण पडलं-बिडलं तर जाब मला द्यायला लागतोय."

आप्पांनी नुसता झारा या हातातून त्या हातात घेतला. कढईवर उभं राहणारा माणूस भट्टीत एकच असतो. बाकीचे जाळ घालतात, पोती भरतात, चाळतात. गावात कुणी 'कोरे कोण?' विचारलं तर 'कढईवरचा' एवढं सांगून भागायचं. त्याच दुपारी त्यांनी मला तुसाच्या ढिगामागं बोलावलं.

पंधरा दिवसांनी बाई कागद घेऊन आल्या. काम नुकतंच सुटलं होतं. प्रत्येकाच्या कागदावर दोन गोल होते, एक सकाळचा, एक दुपारचा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून त्यांनी रंग भरले होते. खूण सापडली तर लाल, नाही तर हिरवा. "ज्याचा कागद त्याच्याच हातात," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याला दाखवायची गरज नाही."

अर्ध्या मिनिटात सगळ्यांनी सगळ्यांचे कागद बघितले.

मावशीचे दोन्ही हिरवे. सावलीत बसणाऱ्या आणखी दोघांचे तसेच. बाकी सगळ्यांचं एकच, सकाळी हिरवा, दुपारी लाल.

"घाबरू नका," बाई सांगत होत्या. "उन्हात, जाळासमोर पाण्यावाचून काम केलं की किडनीला दुपारपर्यंत त्रास होतो. रात्रभरात ती सावरते. म्हणून सकाळचा हिरवा आहे. पण रोज रोज असं झालं की एक दिवस तिला रात्र पुरत नाही. तोवर थांबायचं नाही. मालकांनी हे दोन माठ आणलेत. दर तासाला पाणी प्यायचं. सगळ्यांनी."

"आन् मल्लाप्पाचं काय?" हसनचाचांनी आप्पांच्या हातातला कागद कधी ओढला होता देव जाणे. "बाई, हे उलटं कसं? ह्याचा सकाळी लाल, दुपारी हिरवा."

बाई कागदाकडं बघत राहिल्या. "हो. मलाही ते कळलेलं नाही. पुन्हा तपासून बघितलं मी. असं सहसा दिसत नाही. कोरेकाका, तुम्ही कामावर असताना पाणी किती पिता?"

"थेंब न्हाई," उत्तर हसनचाचांनीच दिलं. "बावीस वर्षं. आम्ही चोरून दोन-चार घोट मारतो. आमचा दुपारी लाल. ह्यो पीत न्हाई, ह्याचा हिरवा. घरनं बिघडून आला आन् भट्टीवर बरा झाला."

"एका माणसावरून असं ठरवता येत नाही, चाचा."

"बाई, कागद तुमचाच हाय न्हवं?"

बाई कागदावर पुन्हा वाकल्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, म्हातारी माणसं उगंच सांगत नव्हती, तापल्या अंगावर पाणी म्हणजे विषच. दुसऱ्यानं मान हलवली. मालक आप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शिकायचं तर कोरेकडनं शिका. माठ घरी न्या बाई, तुम्हाला होतील." सगळे हसले. बाई हात वर करून काहीतरी सांगत होत्या, पण कुणी ऐकत नव्हतं. बारा माणसांना जे आधीपासून वाटत होतं तेच पुण्याच्या कागदानं सांगितलं होतं. आता बाईंचं कोण ऐकणार?

आप्पा मात्र हसत नव्हते. एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

हसनचाचांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. माठातून नुकताच भरलेला. त्यांनी तो कढईच्या कडेच्या गरम वाळूवर ओतून दिला. चर्र झालं, वाफ वर आली. "हे बघा, पोटात हेच हुतंय," ते म्हणाले. "उद्यापासनं थेंब न्हाई. मल्लाप्पाची आण."

ती वाफ बघताना मला नूरजहाँ आठवली. चाचांची मुलगी, माझ्या वर्गातली. मग मला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती मात्र माझ्याशिवाय कुणालाच दिसू शकत नव्हती. सगळे त्या हिरव्या गोलाकडं बघत होते. हिरवा गोल माझा होता. आप्पांचा गोल एकच. सकाळचा. रात्रभर झोपून उठल्यावरचा. आणि तो लाल होता. बारा जणांत एकट्याचा.

"ती डबी माझी आहे," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. शेजारच्या बाकड्यापुरताच आवाज.

मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. शेवंतामावशी सांगते की मी तिची चाळण उलटी करून तिच्यावर उभी राहिले. ते खोटं असावं, चाळणीनं मला पेललं नसतं. पण आवाज मला आठवतो, कारण तो माझा आहे हे मलाच ओळखू आलं नाही.

"सात नंबरची दुपारची डबी. त्यात माझी लघवी होती. आप्पांची नव्हती."

बारा माणसं, मालक, सगळे माझ्याकडं बघत होते. मी आप्पांकडं बघितलं नाही.

बाई पुढं आल्या. "आणि सकाळची?"

"सकाळची त्यांचीच. त्यांनी माझ्या हातात दिली होती."

बाईंनी कागद पुन्हा उचलला. या वेळी त्या डावीकडच्या गोलाकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मला दिसलं होतं ते बरोबर होतं, आणि ते चूक असतं तर किती बरं झालं असतं.

"म्हंजे मल्लाप्पा," हसनचाचा हळूच म्हणाले, "तुझी किडनी सहावीत शिकतीया व्हय रं?"

सगळी भट्टी हसली. मावशी तर डोळे पुसायला लागली. आप्पा तसेच वळले आणि तुसाच्या ढिगामागं निघून गेले. मला वाटलं, संपलं. बावीस वर्षं मी बारा जणांसमोर पुसून टाकली. आता हे माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत.

बाई त्यांच्या मागं जायला निघाल्या, तर मावशीनं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. ईल तो."

आले. माझ्या अंगावरून गेले, माझ्याकडं न बघता. माठाशी गेले, हसनचाचांच्या हातातला तांब्या घेतला, भरला, आणि बरोबर कढईसमोर, त्यांच्या रोजच्या जागेवर उकिडवे बसले. तांब्या तोंडाशी नेला. भट्टीवर पाणी पिताना आप्पांना आम्ही कुणीच बघितलेलं नव्हतं. एक घोट. थांबले. छातीवर हात ठेवून वाट बघितली. मग दुसरा. मग गटागटा सगळा तांब्या.

"वाफ आली काय रं?" हसनचाचांनी विचारलं. आता त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता.

आप्पांनी तोंड पुसलं. "न्हाई."

"खरं?"

"न्हाई म्हन्लं न्हवं. तूबी पी."

चाचांनी तांब्या घेतला. त्यांच्यामागून आणखी कुणी. अर्ध्या तासात एक माठ संपला.

बाई थांबून होत्या. दीडेक तासानं ढिगामागून हाक आली, "गिरिजा."

मी गेले. आप्पांनी माझ्या हातात डबी ठेवली. तळाशी दोन बोटं असेल-नसेल, कोऱ्या चहासारखी काळपट. डबी कोमट होती. मी ती दोन्ही हातांत धरली.

"चिठ्ठी लिही," ते म्हणाले.

"सात नंबर घालते."

"नंबर नको. नाव लिही. सगळं."

मी ढिगाला टेकून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. मल्लाप्पा शिवाप्पा कोरे. त्यांनी ते बोटानं एकेक अक्षर चाचपून बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला तुसाचा वास यायचा. किती दिवसांत आलेला नाही तो वास.

कढई सुटली त्यांची. बाईंनी मिरजेला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मालकांनीही आपला शब्द पाळला. चाचा कढईवर आले. आप्पा शेवग्याखाली मावशीच्या शेजारी बसून चाळायला लागले. तिथूनच ओरडायचे, "हसन, वाळू आली न्हाई अजून, घाई करू नगंस." चाचा ओरडायचे, "तू पाणी पी." दिवसभर हेच. आम्ही पोरी ऐकत ऐकत ओंजळी भरायचो. मागच्या वर्षी मालकांनी मशीन आणलं आणि भट्टी पाडली. शेवगा आहे अजून. शाळेतून येताना मी तिथं थांबते जरा. टाळ्यांचा आवाज येतो का बघते.

आप्पांच्या सकाळच्या गोलाला अजून पूर्ण हिरवा रंग आलेला नाही. पण तो आणखी लालही झाला नाही, आणि बाई फोनवर म्हणाल्या, लवकर सापडलं म्हणून वाचलं. दर सहा महिन्यांनी नमुना द्यायचा असतो. मिरजेच्या लॅबमध्ये आता छापील चिकटपट्टी लावतात. तरीही आप्पा मोरीतून बाहेर आले की आधी मला हाक मारतात आणि माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतात. डबी हातात देताना दर वेळी म्हणतात, "बघून घे. माझीच हाय."